निवडणूक टाळायची आहे? हे उपाय करा

२ डिसेंबर २०२५ ला सकाळी रांगेत उभं राहून नगरपरिषदेचं मत देऊन आलो. बोटावरची शाई नीट वाळली नव्हती, तोवर बातमी आली: उद्याची मतमोजणी रद्द, आता २१ तारखेला. काही ठिकाणी अर्जांवरच्या अपिलांचे निकाल उशिरा आले, तिथलं मतदान राज्य निवडणूक आयोगाने ऐन तोंडावर २० तारखेवर ढकललं. मग एकाच्या निकालाचा दुसऱ्यावर परिणाम नको म्हणून उच्च न्यायालयाने सगळ्यांचेच निकाल थांबवले. तोवर कार्यकर्त्यांनी स्ट्राँगरूमबाहेर जागता पहारा द्यावा.

मला राग आला नाही. कौतुक वाटलं. एवढं कसब चार लोकांतच राहू नये, म्हणून तुमच्यासाठी लिहितो. उद्या तुमच्याही हाती सत्ता येईल, सांगता येत नाही.

‘निवडणूक नको’ असं चुकूनही म्हणू नका. म्हणा, ‘आम्ही उद्याही तयार आहोत, पण प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.’

न्यायालयाने माहिती मागितली तर घाई करू नका. ओबीसी आरक्षणासाठी आयोग नेमा, इंपिरिकल डेटा, म्हणजे प्रत्यक्ष पाहणीतली आकडेवारी, गोळा करा, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं. वर्षभराने अंतरिम अहवाल सादर झाला, तोही फेटाळला गेला. मग मार्च २०२२ मध्ये याच कामासाठी बांठिया आयोग आला. तोवर बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपलेली होती. काम फत्ते.

आता प्रभागरचना. हा उपाय नीट समजून घ्या, कारण हा कधीच वाया जात नाही. एका सरकारने मुंबईचे प्रभाग २२७ वरून २३६ करायचे. लोक न्यायालयात जातात. मग सरकार बदलतं. नव्याने २३६ चे पुन्हा २२७ करायचे. आता दुसरे लोक न्यायालयात जातात. बाकी शहरांत एका प्रभागात तीन नगरसेवक की चार, यावर असाच एक फेरा. नकाशे, हरकती, सुनावण्या, पुन्हा नकाशे. जो गल्लीत राहतो त्याला आपण कुठल्या प्रभागात आहोत हे कळायच्या आत प्रभाग बदललेला असतो. आणि हे सगळं नागरिकांच्या सोयीसाठी बरं का! ज्याला जी रचना सोयीची ती तो आणतो, ज्याला गैरसोयीची तो याचिका करतो, आणि पुढच्या तारखेला दोघेही सुटकेचा श्वास टाकतात. लाज वगैरे काही... असो. उपाय सांगत होतो.

प्रभागरचनेच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असं घटनेतच लिहिलंय. घाबरू नका, वकील आहेत.

न्यायालयानेच मुदत घालून दिली तर? मे २०२५ मध्ये दिली होती, चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून. तेव्हा यंत्रं कमी आहेत, सण आहेत, कर्मचारी नाहीत, बोर्डाच्या परीक्षांमुळे शाळा मिळणार नाहीत असं सांगावं. परीक्षा मार्चमध्ये असतात हे न्यायमूर्तींनाही माहीत असतं, पण सप्टेंबरमध्ये आणखी मुदत मिळते. ३१ जानेवारी २०२६.

तोवर नगरसेवकांच्या जागी सरकारने नेमलेला प्रशासक आहेच. तो मतं मागत नाही, सभेत ओरडत नाही, आणि मंत्रालयाचा फोन पहिल्या रिंगला उचलतो.

बास झालं. माझ्याच्याने हे पुढे गमतीत लिहवत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. मुंबईची मार्च २०२२ मध्ये. एक अख्खी पंचवार्षिक मुदत एका शहराने नगरसेवकाशिवाय काढली आणि कुणाला काही वाटलं नाही. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, हे घटनेच्या कलम २४३-यू मध्ये लिहिलं आहे. मतदारयाद्यांची कामं आणि असली कारणं पुढे करून ही मुदत टाळू नका, असं घटनापीठाने २००६ मध्येच अहमदाबादच्या खटल्यात बजावलं होतं. आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं की मी चार वर्षं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातोय. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’ कुणाला धारेवर धरू? मत मागायला येणारा तरी कुणी आहे का?

आरक्षणाचा प्रश्न खोटा नाही, तो न्यायालयात जाणारच. पण तो सोडवायचा असतो, पांघरायचा नसतो. दोन्ही आघाड्यांची सरकारं येऊन गेली, दोघांनीही तो पांघरला. आणि न्यायालयाला कोण विचारणार? ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’, म्हणजे आहे तसंच राहू द्या, म्हटलं, ते मे २०२५ पर्यंत जैसे थेच राहिलं. मे २०२५ मध्ये जी वाट काढली, बांठिया अहवालाच्या आधीचं आरक्षण धरून निवडणुका घ्या आणि वाद मागाहून ऐकू, ती २०२२ मध्ये काढायला काय हरकत होती? आदेश एका दिवसात निघाला ना!

यंत्रं २१ डिसेंबर २०२५ ला उघडून मोजायची ठरली. तेव्हा महापालिका आणि जिल्हा परिषदा उरल्या होत्या. यापुढे कुठल्याच निवडणुकीसाठी पुन्हा परीक्षा आणि सण घेऊन न्यायालयात जाऊ नका.