घरच्या घरी काँक्रीट: अजून थोडं पाणी सोडा

मिरगाला पंधरा दिवस राहिले की गोव्यात दोन कामांची घाई उडते, पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरणं आणि गाडीवर पत्र्याची शेड उभी करणं. पुरुमेंताचं आई-आजी बघतात, त्यामुळे मीठ किती आणि ऊन किती याचा हिशेब चुकत नाही. शेडच्या पायांचं आपण स्वतः बघतो. परवा असेच चार खड्डे भरताना पाहावे लागले. त्या आवाराच्या मालकाला मनोमन दंडवत घालून ही मार्गदर्शिका.

खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. तळाला वळिवाच्या सरीने चिखल झाला असेल तर तो मुळीच काढू नका. घट्ट मुरूम किंवा चिरा (जांभा) लागेपर्यंत खणायचं, तळ धुमसाने ठोकायचा, वर तीन-चार इंच पीसीसी, म्हणजे सळईविना साधं काँक्रीट, टाकायचं, ही सगळी पैसेवाल्यांची थेरं. काँक्रीटलाही झोपायला गादी हवी.

मग हिशेब. असा एक खड्डा म्हणजे 8 घनफूट. 1:1.5:3 (सिमेंट, रेती, खडी) या प्रमाणात 50 किलोच्या एका पोत्यातून साधारण साडेचार घनफूट काँक्रीट निघतं, म्हणजे खड्ड्यामागे पावणेदोन-दोन पोती आणि चार खड्ड्यांना सात-आठ. एवढी कशाला? तीन आणा. उरलेली जागा चिऱ्याचे तुकडे आणि फुटकी कौलं टाकून भरून काढा. नीट भरलेला ठोकळा 500 किलोच्या वर भरतो आणि वारा पत्र्याखाली शिरला की तेच वजन शेडला धरून ठेवतं म्हणे. पण मे महिन्यातला वारा तुमच्या ओळखीचाच आहे, समजून घेईल.

सिमेंट गेल्या चवथीचं उरलेलं चालेल. गुठळ्या फावड्याने फुटतात.

रेतीचं काय सांगावं? नदीची सहज मिळत नाही, आणि मिळाली तर भाव ऐकून खाली बसावं लागतं. समुद्र मात्र दहा मिनिटांवर. रात्री चार पोती डिकीत टाकून आणली तर कोण विचारतंय? कायद्याने बंदी आहे, ते राहू द्या. त्यातलं मीठ सळईला आणि शेडचा खांब धरणाऱ्या आकडेदार जे-बोल्टला लागतं, आतून गंज धरतो, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि तो काँक्रीट फोडून बाहेर येतो. पण त्याला काही पावसाळे जावे लागतात. तोवर तुम्ही गाडी बदललेली असेल.

मोजायला घमेलं पुरे. सिमेंटचं सपाट, रेतीचं शिगोशीग, खडीचं ज्याच्या-त्याच्या मूडप्रमाणे. 40 बाय 35 बाय 25 सेंटिमीटरचा लाकडी फरमा केला तर तो बरोबर 35 लिटरचा होतो, म्हणजे नेमकं एक पोतं सिमेंट, आणि मग रेती दीड फरमा, खडी तीन फरमे असं सरळ मोजता येतं. एवढं सोपं झालं तर त्यात कर्तबगारी कसली? ओलसर रेती फुगून पाव हिस्सा जास्त दिसते, हेही मनावर घेऊ नका.

कालवायचं अंगणातल्या तांबड्या मातीवरच. पत्रा कशाला खराब करायचा?

बोल्ट जागच्या जागी धरायला प्लायवुडला भोकं पाडत बसू नका. शेवटी डोळ्याने अंदाज घेऊन खुपसा, वेल्डर बघून घेईल.

आता पाणी. बादली घेऊ नका, बादलीने पाणी मोजलं जातं. पाइप लावा. सिमेंट-रेती कोरडीच तीनदा परतून एकसारखा रंग येईपर्यंत थांबायचं नाही, पाइप सोडायचा आणि माल सोलकढीसारखा झाला की कंबरेवर हात ठेवून म्हणायचं, ‘आता मस्त झालं.’ परवा मालक हेच म्हणाले! खरं माप, एका पोत्याला पाणी सगळं मिळून जास्तीत जास्त 30 लिटर. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात एम-20 साठी दिलेला हा आकडा आहे (एम म्हणजे ताकदीची प्रत, आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत). रंगाच्या 20 लिटरच्या दीड बादल्या. आणि सगळं मिळून म्हणजे रेतीतलं धरून. दीड फरमा ओलसर रेतीत तीन-चार लिटर आधीच बसलेलं असतं, म्हणजे तुमच्या हातात उरले 26. पाइप किती वेळ चालू होता? सिमेंटला दगड व्हायला त्याच्या वजनाच्या पाव हिस्सा पाणी पुरतं, बाकीचं निव्वळ माल हलवता यावा म्हणून. जास्तीचं उडून जातं आणि जिथे होतं तिथे बारीक भोकं सोडतं. 30 च्या जागी 40 लिटर गेलं तर ताकदीचा तिसरा हिस्सा तरी गेलाच. भोकांतून पाणी आणि मीठ आत शिरतं ते वेगळंच. शिवाय खडी तळाला बसते, सिमेंटची साय वर तरंगते आणि ती गुळगुळीत साय बघून मालक खूश, काय फिनिश आलाय! नखाने ओरखडून बघा, भुकटी निघेल.

माल मुठीत दाबला तर गोळा राहिला पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये. घट्ट वाटतो? घट्टच असतो तो! अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर घालून 16 मिलिमीटरच्या सळईने कोपऱ्यांपर्यंत खोचायचा, जमलं तर निडल व्हायब्रेटर भाड्याने आणायचा. पाणी हा व्हायब्रेटर नव्हे. आणि कामगारांवर ढकलू नका. पातळ माल ओतायला सोपा आणि त्यांना संध्याकाळपर्यंत चार खड्डे संपवायचे होते. तुम्ही तिथेच उभे होतात, मोबाइल कानाला लावून.

शेडचं एकवेळ सोडा. त्याच आवारात मागे वाढीव खोलीचे सहा खड्डे मारून ठेवलेत. आज खोली, पुढच्या वर्षी वर मजला, मग पर्यटकांना भाड्याने. अहो, साध्या जमिनीत गाडलेल्या आरसीसीलाही, म्हणजे सळईच्या काँक्रीटलाही, त्याच आयएस 456 मध्ये किमान एम-25 सांगितलाय, आणि फरम्याने मोजून केलेला माल एम-20 च्या पुढे धरत नाहीत. खाऱ्या पाण्याजवळ तर आणखी कडक. घराच्या खांबाखाली घरी कालवलेलं काँक्रीट घालायचं नाही, म्हणजे नाही. इंजिनियरकडून ड्रॉइंग घ्या, प्लांटचं काँक्रीट मागवा, आणि सळईखाली चिऱ्याचे तुकडे ठेवू नका, ते पाणी पितात. सळई उचलून धरणारे 50 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक दुकानात मिळतात, स्वस्त असतात.

आणि परवाचे ते चार ठोकळे आज उन्हात उघडे पडून पांढरे झालेत. पोत्यावर पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंट, लिहिलंय, वाचता येतं ना? मग 10 दिवस ओलं ठेवायचं, गोणपाट टाकून, सकाळ-संध्याकाळ भिजवून. पाइप गुंडाळून भिंतीला टांगलाय. कालवताना तो बंद ठेवायचा होता, आता सोडायचा होता.