एक तारा देणाऱ्या पाहुण्यांना उत्तर: पिझ्झा आमचा चुकला, बीअर नाही

नमस्कार साहेब,

शनिवारी रात्री तुम्ही घरच्यांना घेऊन, समृद्धी महामार्गावरून मुद्दाम खाली उतरून जालन्यात आमच्या पिझ्झाच्या आणि इथेच काढलेल्या बीअरच्या दुकानात आलात आणि सोमवारी रिव्ह्यूत एक तारा देऊन सविस्तर लिहिलंत. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिझ्झा पन्नास मिनिटांनी आला, तोही वरून करपलेला आणि मधे कच्चा. बीअर गढूळ, तिला केळ्याचा वास, आणि एवढं करून "चढलीच नाही". वेटरने गाडी कोण चालवणार असं चारचौघांत विचारून अपमान केला. आणि शेवटी, ज्या जालन्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही तिथे बीअर काढायची लाज वाटायला पाहिजे.

उत्तराला चार दिवस लागले, कारण त्या रात्री मी परतूरला लग्नात होतो. आल्यावर एकेकाला बसवून विचारलं, मग लिहायला घेतलं.

पिझ्झाचं तुमचं खरं आहे, अगदी शब्दन् शब्द. जालन्यात भट्टी म्हटलं की लोकांना एकतर स्टीलची आठवते नाहीतर हातभट्टी, पण आमची विटांची, घुमटाची आहे आणि तिचं सगळं गणित लाकडावर चालतं. आम्ही बाभूळ वापरतो, वर जाळ धरायला जुन्या मोसंबीच्या बागांतलं लाकूड. दोन्ही निदान सहा महिने वाळलेलं लागतं. त्या आठवड्यात पाऊस वाऱ्यासकट आला, शेडवरची ताडपत्री सरकली आणि खालची थप्पी भिजली. भट्टीवरच्या पोराने वरचं-खालचं एकत्र करून लावलं.

ओल्या लाकडाचा अर्धा जोर स्वतःचं पाणी सुकवण्यातच जातो. धूर होतो, जाळ लांबलचक पिवळा दिसतो, बघणाऱ्याला वाटतं काय पेटलीय! पण खालची फरशी तापत नाही. एरवी आम्ही चार वाजता पेटवतो. सातपर्यंत फरशी चारशे अंशांच्या वर जाते आणि घुमटाची आतली काजळी जळून विटा पांढऱ्या पडतात. ती आमची खूण. विटा पांढऱ्या झाल्याशिवाय पिझ्झा आत जात नाही, गेला की दोन मिनिटांच्या आत बाहेर येतो. शनिवारी आठ वाजले तरी घुमट काळा होता. बाहेर सहा टेबलं भरलेली, पोरगं घाबरलं आणि त्याने तसाच पिझ्झा आत सारला. वरून जाळाने करपला, खालून फरशी थंड, मग मधे कच्चा राहणारच. त्याने बाहेर येऊन "साहेब, अजून तासभर लागेल" एवढं सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता किंवा निघून गेला असता, पण फसवल्यासारखं वाटलं नसतं. हे त्याला सांगायला तिथे मी नव्हतो, ती चूक माझी.

आता थप्पी लोखंडी अँगलवर उचलून ठेवलीय. आणि प्रत्येक लाकूड दुसऱ्यावर आपटून बघायचं असं ठरलंय. वाळलेलं टणकन वाजतं, ओलं बद्द वाजतं. माझ्या आजीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

फक्त एक. कडेला जे बारीक काळे ठिपके असतात ते करपणं नव्हे. चुलीवरच्या भाकरीचा पापुद्रा फुगतो तिथे जसा डाग पडतो, तसाच तो. डागाशिवायची भाकरी आपण चुलीवरची मानतो का? तुमचा दुसरा पिझ्झा, भोकरदनकडच्या हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा, नऊनंतर निघाला. तोवर भट्टी ताळ्यावर आली होती. पिझ्झावर ठेचा म्हणजे थट्टा आहे असं तुम्ही लिहिलंय, पण उरलेला वहिनींनी पार्सल बांधून नेला असं वेटर सांगतो. असो.

बीअरच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. तुम्ही मागवलीत ती गव्हाची बीअर. ती गाळत नाहीत. गव्हातली प्रथिनं आणि यीस्ट तिच्यात तरंगत राहतात, म्हणून ती धूसर दिसते. तशीच दिसायला हवी. स्वच्छ दिसली तर मी चौकशी करीन. केळ्याचा वासही त्या यीस्टचाच, आंबताना ते स्वतः तो तयार करतं. आम्ही केळं घालत नाही, इसेन्स तर नाहीच. घालतो ती मोसंबीची साल आणि थोडे धने, तेही दुसऱ्या बीअरमध्ये. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, तिची साल कचऱ्यात जाताना बघवत नाही म्हणून सुरू केलेला उद्योग आहे तो.

"चढली नाही" याचं काय उत्तर द्यावं कळत नाही. आपल्याकडे बीअर म्हणजे स्ट्राँग, आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोलची, अशी सवय लागलीय. आमची 4.8 टक्के आहे आणि फळ्यावर खडूने तसं लिहिलेलं असतं. दोन ग्लासांत गप्पा रंगाव्यात एवढाच तिचा हेतू. चढण्यासाठी प्यायची असेल तर आमचं दुकान महागात पडेल.

गाडीचं. वेटरने विचारलं ते माझ्या सांगण्यावरून, आणि पुढेही विचारेल. विचारण्याची पद्धत चुकली असेल, भरल्या टेबलाशी मोठ्याने विचारलं असेल, तर त्याबद्दल माफी मागतो. प्रश्नाबद्दल नाही. जो चालवणार त्याला आम्ही मोसंबीचा रस देतो, आमच्याकडून. तुम्ही इथून निघून पुन्हा त्याच रस्त्याला लागणार होतात जिथे कारला 120 ची मुभा आहे आणि रात्री डोळ्यासमोर सरळ काळोख असतो. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा. ती कुणाची कितव्या ग्लासात ओलांडली जाते हे टेबलावर बसून ना तुम्हाला कळतं ना मला.

आता पाणी. तक्रारीतलं हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण ते मला माझ्या आईनेही ऐकवलंय. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होतं आणि त्याच महिन्यात हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या दारू-बीअर कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने, मग 60 टक्क्यांनी कापायला लावलं होतं. त्या उन्हाळ्यात मी रात्री दोनला उठून टँकरच्या पाइपाशी उभा राहिलोय. जालन्याला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव तळाला गेलेला पाहिलाय. तेव्हा हा धंदा माझ्या डोक्यातही नव्हता, आणि असता तर मीही तुमच्यासारखंच म्हटलं असतं.

आमचा हिशोब उघडा ठेवतो. एका बॅचला 500 लिटर बीअर निघते, त्याला सगळं मिळून 3,000 लिटरच्या आसपास पाणी लागतं. बहुतेक पाणी ग्लासात येतच नाही. ते टाक्या धुण्यात आणि उकळलेला धान्याचा रस थंड करण्यात जातं. थंड करायला वापरलेलं पाणी गरम होऊन बाहेर येतं, ते आम्ही साठवून पुढच्या धुण्याला घेतो. इथलं बोअरचं पाणी इतकं क्षारांचं की आरओ केल्याशिवाय बीअर होत नाही, आणि आरओतून जे खारं पाणी उरतं ते संडासाला आणि फरशीला. महापालिकेच्या नळाचा थेंब घेत नाही, टँकर विकत घेतो. पण टँकरवालाही ते जमिनीतूनच उपसतो, हे मला कळतं. तुम्ही तिथे बोट ठेवलंत तर माझ्याकडे उत्तर नाही. एवढं करतो की एरवी महिन्याला चार बॅच होतात, त्या एप्रिल-मेमध्ये दोनच करतो. रविवारी संध्याकाळी बीअरचे नळ कोरडे पडतात, लोक चिडतात. त्याबद्दलही एक तारा मिळालाय, खाली सापडेल.

उरलेला चोथा, म्हणजे शिजवून रस काढून घेतलेलं सातूचं भरड, सकाळी सातच्या आत जातो. एक म्हशीवाले मामा छोटा हत्ती घेऊन येतात. उन्हाळ्यात दुपारपर्यंत चोथा आंबतो, म्हणून त्यांना उशीर चालत नाही. पैसे आम्ही घेत नाही. म्हैस व्याली की खरवस येतो.

पहिल्या पिझ्झाचे पैसे परत करायचे आहेत. बिलावर नंबर आहे, त्यावर बिलाचा फोटो पाठवा, त्याच दिवशी जमा होतील. तारा बदलायची अट नाही. पुन्हा या रस्त्याने आलात तर शनिवार टाळा, गुरुवारी या आणि आत शिरायच्या आधी भट्टीत डोकावून बघा. घुमट काळा दिसला तर ऑर्डर देऊ नका. सोमवारी बंद असतं. आषाढीला पिझ्झा मिळेल, बीअर नाही.