७२ मार्कांचा गेम

परवा भाच्याला म्हणलं, सेलमध्ये एक गेम स्वस्त मिळतोय, घेऊ का? त्याने मोबाईलवर बघितलं आणि म्हणाला, "मामा, मेटाक्रिटिकवर ७२ आहे, कशाला पैसे घालवतोस." (मेटाक्रिटिक म्हणजे समीक्षकांच्या मार्कांची शंभरपैकी सरासरी दाखवणारी साईट.) आता गंमत बघा, आदल्याच रात्री आम्ही घरी एक पिक्चर लावला होता, तो पण ७२ वालाच, आणि ७२ बघूनच लावलेला, की अरे चांगला दिसतोय!

साईट तीच, आकडा तोच, पण तिथे पिक्चरला ६१ पडले की हिरवा रंग मिळतो आणि गेमला त्यासाठी ७५ लागतात. लालचं पण तसंच, पिक्चर ४० च्या खाली गेला तर लाल, गेम ५० च्या खाली गेला की लगेच. आपल्या दहावीच्या हिशोबात पिक्चरला फर्स्ट क्लास पुरतो, गेमला डिस्टिंक्शनच पाहिजे नाहीतर नातेवाईक तोंड वाकडं करणार.

माझ्या मते ही सवय गेम समीक्षकांनीच लावली. जुन्या गेमिंग मासिकांत ग्राफिक्सला इतके, साऊंडला इतके, कंट्रोल्सला इतके असे मार्क वाटायचे, मिक्सर तपासावा तसे, मग गेम न अडकता चालला की सहा-सात खिशात, प्रॅक्टिकलच्या मार्कांसारखं, जर्नल पूर्ण आहे ना, घे. पिक्चरमध्ये आवाज नीट ऐकू आला म्हणून कोणी दोन स्टार देतं का? अमेरिकेचे पिक्चर समीक्षक रॉजर ईबर्ट चारपैकी स्टार द्यायचे आणि वेळ आली की सरळ शून्य पण द्यायचे. (गेमिंगमध्ये ब्रिटनचं एज मासिक त्यातल्या त्यात कडक, पण असे किती.)

आणि हा नुसता आपला टाईमपास वाद नाहीये. २०१० चा फॉलआऊट न्यू वेगास हा गेम आठवतोय? तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीच्या क्रिस ॲव्हेलोननेच नंतर सांगितलं होतं की मेटाक्रिटिकवर ८५ आले असते तर कंपनीला बोनस होता. आले ८४. एका मार्काने गेला! तेच ८४ पिक्चरला पडले असते तर तो सगळ्यात वरच्या गटात बसला असता, कारण पिक्चरचा तो गट ८१ ला सुरू होतो आणि गेमचा ९० ला.

असो, तो ७२ वाला गेम मी घेतलाच. बारा तास खेळून झालेत, मधला मासे पकडायचा भाग फार रटाळ आहे, बाकी मजा येतेय. भाच्याला सांगितलं, माझ्याकडून दहापैकी सहा. तो म्हणाला, "एवढा वाईट आहे?"