घटस्फोट झालाय? मग इटलीत बंगला घ्या ना!

मागच्या रविवारी चुलत वहिनींनी सिनेमाची लिंक पाठवली. 'अंडर द टस्कन सन', 2003 चा, डायन लेनचा, घटस्फोटानंतर इटलीतल्या टस्कनीत घर घेणाऱ्या बाईचा. म्हणे बघ, हिंमत येते. बघितला, अन् हिंमत इतकी आली की आता मीच सल्ले वाटते.

आधी टस्कनीच्या टूरचं तिकीट फुकट देणारी मैत्रीण गाठा. माझीने भुसावळ स्टेशनपर्यंत सोडलं, पेट्रोल माझं.

पैशाचं टेन्शन घेऊ नका, सिनेमातल्या बाईला नवऱ्याने घराचा हिस्सा मोजून दिला. तुम्ही पोटगीवर पाणी सोडून सही केलीय? चूक तुमची.

मग रस्त्यात बस थांबवून जुना बंगला घ्या. म्हातारी मालकीण नाही म्हणेल, तेवढ्यात पक्षी तुमच्या डोक्यावर हगेल, तिला शकुन वाटेल, घर तुमचं. कबुतरं काय धुळ्यात कमी आहेत? देवपुरात महिनाभरात सात घरं बघितली, विकत नाही हो, भाड्याने, दोन खोल्या, अन् सगळीकडे पाणी किती वेळ येतं हे मी विचारायच्या आत त्यांचं "नवरा कोठे शे?", मग कोर्टाचा कागद दाखवा, मग वडिलांना घेऊन या, मग रात्री कोण येतंजातं, एकाने तर टोकन घेतलं अन् दुसऱ्या दिवशी फोनवर परत, का तर "आम्ही फॅमिलीलाच देतो". मी अन् माझी नऊ वर्षांची पोरगी काय भरताची वांगी आहोत का?

इटालियन माणसाच्या प्रेमात पडा. इकडे 'जेवलीस का' वालेच भेटतात.

अन् गंमत ऐका, जिच्या पुस्तकावर सिनेमा आहे ती फ्रान्सिस मेस, तिने 1990 मध्ये ते घर घेतलं तेव्हा सोबत जोडीदार होता. म्हणजे एकट्या बाईला घर तिकडेही सिनेमावाल्यांनीच दिलं!

बस झाली मस्करी. घरमालकहो, लाज वाटू द्या जरा. नोकरी आहे, भाडं एक तारखेला देईन म्हणते, आणखी काय पाहिजे तुम्हाला? बायकोवर हात उचलणारा भाडेकरू चालतो, त्याचा आवाज भिंतीतून ऐकू येतो तरी चालतो, तो फॅमिली ना! अन् नातेवाईकहो, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी ये म्हणता, आली की तिसऱ्या दिवशी विचारता, परत कधी जाणार. कुठं जाऊ?

वहिनी, तुमचा वरचा मजला दोन वर्षांपासून कुलूप लावून पडलाय. मी शनिवारी तोच मागितला होता. लिंक रविवारी आली.