‘आठवडाभर त्याच त्याच टेकड्या’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

इटलीतल्या पिएमोन्ते प्रांताच्या लांगे भागातली आमची सहा रात्रींची रोड ट्रिप आपण ऑक्टोबरच्या शेवटी केलीत आणि दोन तारे देऊन सविस्तर लिहिलंत. आपलं म्हणणं थोडक्यात असं: एवढे पैसे भरून आठवडाभर त्याच त्याच टेकड्या पाहिल्या आणि व्हेनिस राहिलं. दिवसाला एकच वायनरी, आणि तिथली नावाजलेली बारोलो वाईन तोंड वाळवणारी. दोन सकाळी धुक्यात गेल्या. गाडी चालवणाऱ्याला प्यायची चोरी. वहिनींच्या जेवणाचे हाल. वर तोरिनो (ट्यूरिन) शहरातला वाहतुकीचा दंड. आणि शेवटी, ‘द्राक्षबागाच बघायच्या तर नाशिक काय वाईट?’

व्हेनिसपासून सुरुवात करते. लांगेतलं मुख्य शहर आल्बा, तिथून व्हेनिस चारशे किलोमीटरच्या पुढे आहे. सहा रात्रींत ते घातलं तर दोन दिवस महामार्गावर जातात आणि जे बघायला आलो ते काचेतून मागे पळतं. बुकिंगच्या वेळी पाठवलेल्या पत्रकात मुक्काम ला मोर्रा आणि नेइवे असे दोनच आहेत. ते मुद्दाम दोनच आहेत, आणि पुढेही दोनच राहतील.

आता टेकड्या. बारोलो ज्या भागात होते तिथे गावं फक्त अकरा, आणि बारोलोची लागवड दोन हजार हेक्टरांहून थोडी जास्त. ला मोर्राहून निघालात की अर्ध्या तासाच्या आत सेर्रालुंगाला पोचता. एवढ्याशा अंतरात जमीन बदलते. ला मोर्रा आणि बारोलो गावाकडची माती निळसर-करडी, चुनखडीची, भुसभुशीत; तिथली वाईन लवकर मवाळ होते, वास आधी पुढे येतो. सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेकडे माती जुनी, वालुकाश्माचे थर असलेली. तिथली वाईन ताठ, वर्षानुवर्षं ठेवावी लागणारी. द्राक्षाची जात एकच, नेब्बिओलो. म्हणून तर २०१० पासून तिथे उतारा-उताराची नावं कायद्याने नोंदलेली आहेत आणि बाटलीवर ब्रुनाते, कान्नुबी अशी नावं छापली जातात. आपल्याकडे शेताला ‘वरचा मळा’, ‘विहिरीचं वावर’ म्हणतात, तशीच ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी आधीपासून होती.

हे समजायला दिवसाला एकच वायनरी लागते. आपल्या तिसऱ्या दिवशी सेर्रालुंगाच्या तळघरात दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवले होते, एक ला मोर्राचा आणि एक तिथलाच, दोन्ही एकाच वर्षाचे. ही जोडी आम्ही आधी सांगून लावून घेतो. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला की रंग दिसतो: विटकरीकडे झुकलेला, इतका पातळ की पलीकडची अक्षरं वाचता येतात. वाईन फिकी दिसते म्हणून सौम्य असेल असं वाटतं आणि पहिल्या घोटाला जीभ ओढली जाते. आपण म्हणता ते तोंड वाळणं खरंच आहे. नेब्बिओलोत टॅनिन, म्हणजे साल-बियांतला तुरटपणा, भरपूर असतं, म्हणूनच बारोलो किमान ३८ महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही आणि त्यातले १८ महिने ती लाकडी पिंपात असावी लागते. रिझेर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली, म्हणून विकायची तर ६२ महिने. एवढं करूनही ती रिकाम्या पोटी, सकाळी अकरा वाजता गोड वाटणार नाही. तीच वाईन जुन्या चीजच्या तुकड्याबरोबर घेतली की कडा खाली बसतात. बशीतलं चीज त्यासाठीच ठेवलेलं असतं.

वहिनींना कानेल्लीची मोस्कातो आवडली असं आपणच लिहिलंय. तीसुद्धा त्याच सहलीतली, तासाभराच्या अंतरावरची. जेमतेम पाच टक्के अल्कोहोल, हलका फेस, द्राक्षाचाच गोडवा. त्या गावाच्या पोटात खोदलेली लांबच लांब तळघरं आहेत, १८६५ मध्ये इटलीची पहिली शॅम्पेन-पद्धतीची फेसाळ वाईन तिथेच तयार झाली. बारोलोच्या टेकड्या, शेजारच्या बार्बारेस्को वाईनच्या टेकड्या आणि कानेल्ली हे सगळं २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, द्राक्षशेतीचा प्रदेश म्हणून.

नाशिकबद्दल. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, वडिलांची द्राक्षबाग होती, त्यामुळे या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून वर्षाला दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि माल जानेवारीपासून मार्चपर्यंत. लांगेत थंडीत वेल पूर्ण झोपतो, बर्फ पडतं, छाटणी एकदाच. नेब्बिओलो लवकर फुटतो आणि सगळ्यात उशिरा पिकतो, कधी कधी ऑक्टोबर अर्धा उलटेपर्यंत घड वेलावर असतात. त्याला दिवसभर ऊन हवं, म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेला उताराचा मधला पट्टा त्याचा. टेकडीच्या पायथ्याला गारवा साचतो, तिथे आणि उत्तर उतारावर डोल्चेत्तो ही दुसरी द्राक्षाची जात किंवा हेझलनटची झाडं. आपण गाडीतून ‘सगळं सारखंच’ पाहिलंत, पण बागेचा एक पट्टा संपून झुडपं सुरू होतात ती रेषा बघण्यासारखी आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बर्फ आधी कुठे वितळतं ते बघून ती ठरवली आहे. नाशिकला जरूर जा, मार्चआधी जा, माल काढणीला आलेला असताना. तिथलं कसब वेगळं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही.

धुकं त्या दिवसांत असतंच. पत्रकात आम्ही लिहिलेलं आहे की ऑक्टोबरच्या मध्यानंतर सकाळी दरी दिसेलच असं नाही, आणि स्वच्छ आकाश हवं असेल तर सप्टेंबर घ्या. आपण ऑक्टोबर निवडलात तो पांढऱ्या ट्रफलसाठी, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या बुरशीच्या गाठीसाठी, कारण आल्बाचा ट्रफल मेळा ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. दोन्ही एका आठवड्यात मिळत नाहीत. ट्रफलचे ‘वेगळे पैसे लावले’ म्हणता, तर वेटरने आपल्या टेबलावरच ती गाठ वजनकाट्यावर ठेवली असेल, किसली असेल आणि पुन्हा वजन केलं असेल. मधल्या फरकाचे पैसे. तिथली रीतच ती आहे. पांढऱ्या ट्रफलची शेती जवळजवळ होतच नाही. ओक, पॉपलर, लिंडेनच्या मुळांशी कुत्र्याच्या नाकावर शोधावी लागते, त्यामुळे तिचा भाव जेवणाच्या ठरलेल्या दरात कुणीच धरत नाही.

‘रंगीत देऊळ पाच मिनिटांत संपलं’ हेही वाचलं. ब्रुनातेच्या उतारावरची ती वास्तू १९१४ मध्ये मजुरांना पाऊस-गारांत आसरा मिळावा म्हणून बांधली गेली. तिथे प्रार्थना कधी झालीच नाही. १९९९ मध्ये चित्रकार सोल लेविट यांनी बाहेरून आणि डेव्हिड ट्रेमलेट यांनी आतून ती रंगवली. ला मोर्राच्या चौकातून तिथवर बागांमधून पायवाट जाते, आणि आम्ही सुचवतो ते चालत जाणं. गाडीने गेलात तर पाचच मिनिटं लागतात.

गाडी आणि वाईन या मुद्द्यावर मी जराही मागे हटणार नाही. इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि परवाना तीन वर्षांपेक्षा नवा असेल तर शून्य. रस्ते अरुंद, वळणांचे, कठडा नसलेले. आमच्या माणसाने आपल्याला वाईन तोंडात घोळवून भांड्यात टाकायला सांगितलं, ते आपल्याला अपमानासारखं वाटलं. वाईन बनवणारे स्वतः दिवसभर तेच करतात, ते भांडं त्यासाठीच टेबलावर असतं. मनसोक्त प्यायची सोय आम्ही ला मोर्राच्या मुक्कामात ठेवली आहे: वायनरी हॉटेलपासून पायी दहा मिनिटांवर, गाडी अंगणात. त्या संध्याकाळी आपण गाडी काढून आल्बाला जेवायला गेलात, तो आपला निर्णय.

जेवण मात्र खरोखर अवघड आहे, आणि हे मी प्रत्येक शाकाहारी कुटुंबाला फोनवर सांगते. पिएमोन्तेचं तायारिन, म्हणजे बारीक शेवयांसारखा पास्ता, अंड्याच्या भरपूर पिवळ्या बलकात मळलेलं असतं. आन्योलोत्ती या भरलेल्या पास्त्यात मांस असतं. बान्या काउदा हे गरम कालवण नुसतं लसूण-तेल वाटतं, पण त्यात अँकोव्ही हे छोटे मासे विरघळलेले असतात. भाजलेल्या ढोबळ्या मिरचीवरही ट्यूना किंवा अँकोव्ही येते. तिथलं बरंचसं चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या पोटातल्या विरजणासारख्या पदार्थाने, लावलेलं असतं, म्हणून ज्यांना तेही चालत नाही त्यांना आम्ही ही सहल घेऊच नका असं सांगतो. वहिनींना अंडं चालतं असं फॉर्मवर लिहिलं होतं, त्यामुळे स्वयंपाकघरांना आम्ही तसंच कळवलं आणि लोणी आणि सेजच्या पानांचं तायारिन आलं. फॉर्मवर ‘अंडं नको’ असतं तर पोलेंटा (मक्याच्या पिठाचा घट्ट लापशीसारखा पदार्थ) आणि भाजीच्या पाण्यात शिजवलेला रिसोट्टो भात सांगितला असता. पुढच्या प्रवाशांनी हा रकाना स्वतः जेवणाऱ्या व्यक्तीकडूनच भरून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

राहिला तोरिनोचा दंड. शहराच्या मध्यभागी ठरावीक तासांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि प्रवेशाच्या खांबावर कॅमेरा असतो. आपल्या कार्डावरून कापलेली रक्कम हा दंड नाही, आपलं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचं ते गाडी कंपनीचं शुल्क आहे. खरी नोटीस टपालाने वेगळी येईल, यायला काही महिने लागू शकतात. ती दुर्लक्षू नका: हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरली तर दंडात ३० टक्के सूट मिळते. आली की लगेच फोटो पाठवा, आमच्याकडची इटालियन जाणणारी सहकारी त्याच दिवशी वाचून ऑनलाइन भरायला मदत करेल, त्याचे पैसे नाहीत. आणि पाकीट पोचल्याची तारीख त्याच्यावर लगेच लिहून ठेवा.