बंध तुटल्याने ऊर्जा मिळत नाही

‘रासायनिक बंधात ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या नोट्समध्ये सर्रास फिरतंय. ते चूक आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते. बाहेर पडते ती नवा बंध जुळताना.

हायड्रोजन आणि क्लोरीनचंच बघा. एक मोल (म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या) हायड्रोजनचे बंध तोडायला साधारण ४३६ किलोज्यूल लागतात, एक मोल क्लोरीनचे तोडायला २४२. खर्च झाला ६७८. त्यातून हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल तयार होतात, प्रत्येक मोलमागे ४३१ म्हणजे एकूण ८६२ किलोज्यूल बाहेर पडतात. शिल्लक १८४. या शिलकेमुळेच अभिक्रिया उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, ठरते. आणि गंमत म्हणजे हे मिश्रण अंधारात शांत पडून राहतं, पण प्रखर प्रकाश पडला की स्फोट होतो! क्लोरीनचा बंध तोडण्यापुरती ऊर्जा तो प्रकाश पुरवतो.

पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूबद्दलही हाच घोळ होतो, आणि तो जीवशास्त्राच्या तासालाच निस्तरायला हवा. तिथेही ऊर्जा मिळते ती फॉस्फेटचा बंध तुटल्यामुळे नव्हे, तर पाण्याशी अभिक्रिया होऊन बनणारे पदार्थ जास्त स्थिर असतात म्हणून.