नकाशावरची रेष आणि तक्त्यातला आकडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: नदीचं किंवा पाइपांच्या जाळ्याचं संगणकीय मॉडेल करताना नकाशावर माउसने क्रॉस सेक्शन (नदीचा आडवा छेद) किंवा पाइप सरकवला की मागचे आकडे तक्त्यात जाऊन तपासा, हा माझा सल्ला जुन्या जमान्यातला आहे. आताची सॉफ्टवेअर हे सगळं स्वतःच सांभाळतात. तुम्ही तुमच्या नदीच्या मॉडेलमध्ये बरेच सेक्शन खालीवर करून पाहिले, तरी पुराची पातळी जेमतेम दोन सेंटिमीटर हलली. आणि असं लिहिल्याने नवशिके उगाच बिचकतात.

नवशिके थोडे बिचकले तर माझी हरकत नाही. बाकीच्या मुद्द्यांवर बोलू.

कोणतं सॉफ्टवेअर काय सांभाळतं याचं एकच एक उत्तर नाही, आणि माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. एसडब्ल्यूएमएम (SWMM, पावसाच्या पाण्याच्या आणि गटारांच्या मॉडेलचा प्रोग्रॅम) घ्या. त्यात आणि पाणीपुरवठ्याच्या पाइपांसाठीच्या ईपॅनेटमध्ये ऑटो-लेंग्थ नावाची एक सोय आहे. ती बंद असेल तर मॅनहोल उचलून नकाशाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, पाइपची लांबी तीच राहते आणि निकालही तोच येतो. एसडब्ल्यूएमएमचं गणित करणारं इंजिन नकाशाचे कोऑर्डिनेट्स विचारातच घेत नाही. इनपुट फाइलमध्ये ते निराळ्या विभागात, केवळ चित्रासाठी पडून असतात. तीच सोय चालू असेल तर नोड (मॅनहोलसारखा जोडबिंदू) जरासा सरकवला की त्याला जोडलेल्या पाइपांची लांबी नव्याने मोजली जाते.

समजा ४० मीटरचा पाइप आहे, दोन टोकांच्या तळपातळीत २० सेंटिमीटरचा फरक, म्हणजे उतार ०.००५. लेबल एकमेकांवर येतात म्हणून तुम्ही मॅनहोल बाजूला घेतलं आणि लांबी ५० मीटर झाली. तळपातळ्या तशाच राहिल्या, उतार ०.००४ झाला. पाण्याचा प्रवाह काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्रात प्रवाह उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे पाइपची वहनक्षमता साडेदहा टक्क्यांनी घटली. तुम्ही फक्त लेबल मोकळं केलं होतं. पडद्यावर एकही इशारा येत नाही, आणि यावा असं मी म्हणणारही नाही, कारण सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलं.

हेक-रासमध्ये (HEC-RAS, नदीच्या प्रवाहाच्या मॉडेलचा प्रोग्रॅम) प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. तिथे प्रत्येक सेक्शनबरोबर खालच्या सेक्शनपर्यंतची तीन अंतरं साठवलेली असतात: डाव्या काठाकडची, पात्रातली आणि उजव्या काठाकडची. मधला एक सेक्शन प्रवाहाच्या दिशेने खाली नेला, तर त्याची तीन आणि त्याच्या वरच्या सेक्शनची तीन, अशी सहा अंतरं एकदम शिळी होतात. रिव्हर स्टेशनचा (नदीवरची सेक्शनची जागा दाखवणारा) आकडा बदलला म्हणजे काम झालं असं अनेकांना वाटतं. पण स्टेशन हे मुख्यतः क्रम लावण्यासाठी असतं. घर्षणाने होणारी ऊर्जेची घट त्या सहा अंतरांवरून काढली जाते. हेक-रासच्या नकाशाच्या भागात, आरएएस मॅपरमध्ये, कोणती गोष्ट अद्ययावत व्हावी हे आपणच निवडायचं असतं: स्टेशन, काठ, अंतरं, भूरूपावरून (जमिनीच्या उंचीच्या फाइलवरून) उंची. एक खूण राहिली तर निम्मा सेक्शन नवा आणि निम्मा जुना.

उलट सगळ्याच खुणा केल्या तर दुसरं संकट, आणि माझ्या मते ते जास्त घातक आहे. विमानातून केलेल्या नेहमीच्या लायडार (लेसरने उंची मोजणाऱ्या) सर्वेक्षणातली जवळच्या अवरक्त पट्ट्यातली किरणं पाण्यात शिरत नाहीत. (हिरव्या लेसरची लायडार शिरते, पण पाणी स्वच्छ आणि उथळ असेल तरच.) त्यामुळे भूरूपाच्या फाइलमध्ये नदीचा तळ नसतो, सर्वेक्षणाच्या दिवशीचा पाण्याचा पृष्ठभाग असतो. होडीतून मोजलेला तळ तुम्ही सेक्शनमध्ये हाताने भरलेला असेल, आणि रेष पाच मीटर सरकवून उंची पुन्हा भूरूपावरून घेतली, तर मोजलेला तळ गेला. त्या जागी एक सपाट रेघ येते. नकाशावर काहीच वावगं दिसत नाही, सेक्शन उघडून पाहिला तरच कळतं. मोजलेला तळ आधी भूरूपातच मिसळून घेतला असेल तर बेलाशक माउस चालवा.

आता तुमचे दोन सेंटिमीटर. आकड्यावर माझा विश्वास आहे, त्यातून काढलेल्या निष्कर्षावर नाही. घर्षणाचा उतार ०.०००१ असलेल्या सपाट नदीत १०० मीटरची चूक पातळीत सेंटिमीटरभर फरक करते. तोच उतार ०.००१ असेल तर तीच चूक दहा सेंटिमीटरची होते. शिवाय तुम्ही सेक्शन खालीही नेलेत आणि वरही, त्यामुळे काही चुका एकमेकींना खाऊन गेल्या असणार. सगळे एकाच बाजूला सरकले असते तर?

याहून वाईट म्हणजे अशी चूक कॅलिब्रेशनमध्ये (मॉडेलचा निकाल मोजलेल्या पातळीशी जुळवताना) लपते. खोली आणि प्रवाह तोच धरला तर घर्षणाची घट मॅनिंगच्या एनच्या (पात्राच्या खडबडीतपणाच्या आकड्याच्या) वर्गाच्या आणि अंतराच्या गुणाकारावर ठरते. अंतर दहा टक्के कमी पडलं तर एन साधारण साडेपाच टक्के वाढवला की मोजलेल्या पातळीशी निकाल जुळतो. आपण खूश. पण कमी झालेल्या अंतराबरोबर नदीत साठणारं पाणीही कमी झालं, ते एन वाढवून नीट भरून येत नाही. अस्थिर (वेळेनुसार बदलणाऱ्या) प्रवाहाचं मॉडेल चालवलं की पुराचा लोंढा खालच्या गावापर्यंत पोचण्याची वेळ चुकते, आणि मग लोक सगळा दोष पावसाच्या आकड्यांना देतात.

जिथे तुमचं बरोबर आहे ते सांगतो. एकमेकांना छेदणारे सेक्शन, किंवा नदीच्या वळणावर मध्यरेषेला दोनदा कापणारा सेक्शन, हे तक्त्यात बघून कुणाच्या बापाला कळणार नाही; नकाशावर क्षणात दिसतं. द्विमितीय मेशमध्ये (जमिनीवर पसरलेल्या छोट्या सेलच्या जाळ्यात) तर नकाशाच खरा. तटबंधाच्या माथ्यावर ब्रेकलाइन (सेलच्या कडा जिच्यावर याव्यात ती रेष) नीट ओढली नाही तर सेलची कड माथ्यावर येत नाही आणि मॉडेलमधलं पाणी तटबंधातून पाझरल्यासारखं पलीकडे जातं. हे माउसनेच सुधारायचं. फक्त मेशची हद्द बदलल्यावर मेश पुन्हा तयार करा आणि कडेवरच्या सीमाअटींच्या (पाणी आत-बाहेर कसं जातं हे सांगणाऱ्या) रेषा अजून हद्दीला लागून आहेत का तेवढं पाहा.

तक्ता ओळीओळीने वाचा असं मी म्हणत नाही, तो वैताग मलाही येतो. हेक-रासची जिओमेट्री फाइल आणि एसडब्ल्यूएमएमची इनपुट फाइल, दोन्ही साध्या मजकुराच्या असतात. बदलाआधी प्रत काढून ठेवा आणि नंतर दोन्ही फाइल कोणत्याही तुलना करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शेजारी उघडा. तुम्ही हलवलेल्या वस्तूखेरीज आणखी काय बदललं, आणि बदलायला हवं होतं ते काय तसंच राहिलं, दोन्ही समोर येतं.

शेपफाइलमधून (नकाशावरच्या रेषा साठवणाऱ्या फाइलमधून) आणलेल्या रेषांना हे लागू आहे का, असंही तुम्ही विचारलंत. आहे, आणि त्यात रेषा ओढण्याच्या दिशेची भर पडते. हेक-रासला नदी वरून खाली आणि सेक्शन खालच्या दिशेला तोंड करून डावीकडून उजवीकडे लागतो. मूळ फाइलमध्ये कुणी उलट ओढला असेल तर डावा काठ उजवा होतो. आणि फाइल अक्षांश-रेखांशांच्या अंशांत असेल तर आयात करण्याआधी मीटरमधल्या प्रोजेक्शनमध्ये बदलून घ्या.